भाजी फुकट, कढीपत्ता विकत

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीला तीन वस्तू लटकलेल्या असतात: लिंबू-मिरची, पिशव्यांचा गठ्ठा आणि एक बोलका डबा. लिंबू-मिरची दर शनिवारी बदलते. पिशव्या पालिकेचा माणूस दिसला की अदृश्य होतात. डबा मात्र कायमचा. परवा मी पाव किलो गवार घेतली, कोड स्कॅन केला, डबा बोलला, "पस्तीस रुपये प्राप्त झाले," आणि मी सवयीने पिशवी उघडी धरून उभा राहिलो. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी मंडईत भाजी घेतली आहे त्यांना पिशवी उघडी धरण्याचा अर्थ सांगायला नको. वर कढीपत्ता पडायचा असतो.

पडला नाही.

"मावशी, वर?"

"वर कुठलं आलंय काका? त्या डब्याला म्हैन्याला सव्वाशे भाडं जातं. कढीपत्ता आता पाच रुपयाला."

पाच रुपये स्कॅन केले. डबा खणखणीत आवाजात बोलला. सबंध चौकाला कळलं की या गृहस्थाने कढीपत्ता विकत घेतला. आमच्या आईच्या कानावर हे गेलं असतं तर तिने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

त्याच आठवड्यात बँकेचं पत्र आलं. कार्डाच्या व्यवहारांशी आता 'मूल्यवर्धित डिजिटल सेवांचं एकात्मीकरण' करण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. मूल्यवर्धन हा शब्द मी आजवर शेतकी खात्याच्या पत्रकांत वाचत आलो. टोमॅटोचा केचप केला, की मूल्यवर्धन. आवळ्याची सुपारी केली, की मूल्यवर्धन. कार्डाचं काय करणार? कार्डाचं एकच काम. माझे पैसे दुकानदाराकडे पोचवायचे. ते काम कार्ड दोन सेकंदांत उरकतं. त्यात वाढवायला जागा कुठे आहे, हे मला पत्र वाचून कळलं नाही. ते मिक्सर घ्यायला गेल्यावर कळलं.

मिक्सर पाच हजार चारशेचा. कार्ड टेकवलं तरी पिन मागणार हे मला ठाऊक होतं, कारण पिनशिवाय नुसतं टेकवून पैसे द्यायची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून पाच हजार आहे. मी बोटं तयार ठेवली होती. पण पूर्वीचं ते विटेएवढं मशीन, ज्याचा रोल नेमका आपल्या वेळी संपायचा, ते जाऊन आता तिथे मोबाईलसारखा पडदा असलेलं यंत्र आलं आहे. पडद्याला बोलायची हौस असते. बोलायचं काम काउंटरवरच्या पोराकडे.

"सर, ईएमआय करू? नो कॉस्ट आहे."

"नको."

"सर, फ्री आहे."

"फुकट आहे तर तुम्ही का विचारताय?"

पोरगं हसलं. त्याला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी पगार त्यासाठी मिळत नव्हता. 'नो कॉस्ट' हप्त्यांची गंमत अशी, की बँक व्याज घेतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी रक्कम सूट म्हणून आधी वजा करते. वर बँकेचं प्रक्रिया शुल्क, आणि व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी, हे तुमच्या माथी. शून्य टक्के व्याज नावाची वस्तूच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. बँकांनी ते मनावर घेतलं. 'शून्य टक्के' पुसलं आणि 'नो कॉस्ट' लिहिलं.

"सर, तुमचे अठराशे पॉइंट आहेत. वापरायचे?"

"किती सूट?"

"बघतो... सर, सर्व्हर डाउन आहे."

"बरं."

"सर, एक्स्टेंडेड वॉरंटी? सर, ॲक्सिडेंटल डॅमेज कव्हर? मिक्सर खाली पडला तर?"

मिक्सर खाली पडेल तेव्हा घरात त्याहून मोठे प्रश्न उभे राहतील आणि त्यांचा विमा कुणीच उतरवत नाही, हे मी मनात म्हटलं.

"सर, मोबाईल नंबर सांगा."

"कशाला?"

"बिलासाठी. डिजिटल बिल येतं."

"कागदावर द्या."

"कागद बंद केला सर. पर्यावरण."

हे तो मला थर्मोकोलच्या दोन साच्यांत बसवलेला, तीन खोक्यांत भरलेला आणि वरून प्लास्टिकच्या पट्ट्या आवळलेला मिक्सर हातात देताना म्हणाला. नंबर देण्याची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं होतं. मी ते त्याला सांगितलं. मागे उभ्या असलेल्या काकूंनी "ओ, द्या की हो नंबर, माझी रिक्षा उभी आहे" असं म्हटल्यावर खातं, मंत्रालय आणि मी, तिघेही शरण गेलो. पैसे दोन सेकंदांत गेले. उरलेली अकरा मिनिटं मूल्यवर्धनात गेली. संध्याकाळपर्यंत फोनवर पाच संदेश. त्यांतला एक गृहकर्जाचा. मिक्सर घेणाऱ्या माणसाला घरही लागत असेल, असा त्यांचा तर्क असावा.

त्या पोरावर राग धरण्यात अर्थ नाही. मशीनमागचा हिशेब बघा. कार्ड घासलं की दुकानदाराला मिळणाऱ्या पैशांतून एक वाटा कापला जातो. कागदोपत्री त्याला एमडीआर म्हणतात. दुकानदार 'वर दोन टक्के पडतील' म्हणतात, आणि म्हणताना चेहरा असा करतात की आपणच त्यांच्या घरी चोरी केली आहे. हे दोन टक्के साधारण क्रेडिट कार्डाचे. डेबिट कार्डाला रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून लगाम घातला: वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के, मोठ्याला ०.९० टक्के. दोनच वर्षांनी, १ जानेवारी २०२० पासून, सरकारने रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवरचा वाटा सरळ शून्यावर आणला.

छोट्या दुकानदारासाठी उत्तम झालं. मावशींनी आयुष्यात एमडीआर हा शब्द ऐकला नाही आणि ऐकायची गरजही पडली नाही. पण ज्यांनी पैसे इकडून तिकडे पोचवायचे, सर्व्हर जागे ठेवायचे, चोर पकडायचे, रात्री हिशेब जुळवायचा, त्यांना मजुरी किती? शून्य. आता हमालाला सांगितलं की पोतं उचल, हमाली मिळणार नाही, तर तो भला असला तर उचलेलही. वाटेत पोत्याला भोक पडलं, की मग कुणाला विचारायचं? सरकार मधूनमधून थोडी भरपाई देतं. २०२४-२५ या वर्षासाठी छोट्या दुकानदारांच्या यूपीआय व्यवहारांपोटी पंधराशे कोटी मंजूर झाले. कंपन्यांचं म्हणणं, एवढ्यात भागत नाही. त्यांचं न भागणं हेच त्यांच्या कल्पकतेचं मूळ आहे.

म्हणून डब्याला भाडं. म्हणून डब्याच्या मागोमाग मावशींच्या मोबाईलवर 'तुमचं कर्ज मंजूर झालं आहे' असा निरोप. त्यांनी मागितलेलं नसताना. डब्यात रोज किती पैसे येतात हे कंपनीला मावशींच्या नवऱ्यापेक्षा जास्त नेमकं ठाऊक. तेवढ्यावर कर्ज ठरतं आणि हप्ता रोजच्या जमेतून परस्पर वळता होतो. हे वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. मंडईत सकाळी नऊशे हातात ठेवून संध्याकाळी हजार वसूल करणारे महाभाग मी पाहिले आहेत, आणि त्या दरापुढे मोबाईलवरचं कर्ज म्हणजे संतवाणी. फक्त तो सावकार मोटारसायकलवरून यायचा, तोंड दाखवायचा, क्वचित एखाद दिवस सोडायचाही. पावसाने माल भिजला हे त्याला डोळ्यांनी दिसायचं.

थोडक्यात, पूर्वी भाजी विकत होती आणि कढीपत्ता वर मिळायचा. आता भाजी फुकट झाली आहे आणि धंदा सगळा कढीपत्त्यावर चालतो.

पॉइंटांचं घ्या. माझ्या कार्डावर दीडशे रुपयांना दोन पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. पंचवीस पैशांचं नाणं सरकारने २०११ मध्ये चलनातून काढलं. बँकेने ते पॉइंटाच्या रूपाने जिवंत ठेवलं आहे, याबद्दल नाणेसंग्राहकांनी तिचा सत्कार करावा. लाख रुपये खर्च केले की तेराशे बत्तीस पॉइंट, म्हणजे तीनशे तेहतीस रुपये. ते वापरायचे तर ९९ रुपये शुल्क आणि त्यावर जीएसटी. हातात उरले दोनशे सोळा. लाखाला दोनशे सोळा! आमच्या वाण्याने महिन्याच्या यादीवर एवढीच सूट दिली असती तर आमच्या वडिलांनी दुकान बदललं असतं. पण वाण्याच्या वहीत 'तुम्ही आता सिल्व्हरवरून गोल्डवर गेलात, अभिनंदन' असं लिहिलेलं नसायचं, ही त्याची मोठी चूक.

या पॉइंटांचे आणि विमानतळावरच्या त्या 'मोफत' लाउंजचे पैसे येतात कुठून, हा प्रश्न उपमा खाताना विचारू नये, घास अडकतो. तिथे रांगेत उभं राहायचं, कार्ड घासायचं, दोन रुपये कापून घ्यायचे आणि मग एवढ्या पैशांत एवढी व्यवस्था कशी परवडते याचं नवल करत गरम इडली शोधायची. बरं, हल्ली मागच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केले असतील तरच प्रवेश. तुम्ही उपाशी आहात की नाही, हे तीन महिन्यांपूर्वीच्या खर्चावरून ठरतं. उपम्याचे पैसे थोडे दुकानदाराच्या त्या दोन टक्क्यांतून येतात, आणि बरेचसे बिलावरची 'किमान देय रक्कम' भरून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या माणसाच्या खिशातून. महिना साडेतीन टक्के हा दर पुष्कळ कार्डांवर असतो. वर्षाचे बेचाळीस. तीस टक्क्यांच्या वर घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा उपमा खाताना त्या अनोळखी माणसाला मनोमन नमस्कार करावा. तो बहुधा विमानाने फिरत नाही.

एक कामाची गोष्ट जाता जाता. कार्ड नको झालं आणि बंद करायला सांगितलं, तर बाकी काही थकलेलं नसताना बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं. नाही केलं तर दिवसाला पाचशे रुपये तिने तुम्हाला द्यायचे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२२ पासून आहे. ही सेवा मूल्यवर्धित असूनही तिची जाहिरात कुठे दिसत नाही.

आता कढीपत्त्याचं झाड कुठे वाढतं ते पाहू. हाँगकाँगमध्ये १ सप्टेंबर १९९७ रोजी ऑक्टोपस नावाचं कार्ड सुरू झालं. आपल्याकडे अजून एसटीच्या कंडक्टरशी सुट्या पैशांवरून वाद चालू होते, तेव्हा तिकडे लोक पाकीट न उघडताच यंत्रावर टेकवून मेट्रोत शिरत होते. मेट्रो, बस, फेरीबोट, मग किराणा, पार्किंग, इमारतीचं दार, शाळेची हजेरी. सगळीकडे एकच कार्ड. पैशांशी सेवा जोडण्याचा इतका देखणा नमुना जगात दुसरा क्वचितच असेल, आणि हे मी तिरकसपणे म्हणत नाही. कार्डाच्या चिनी नावाचा अर्थच 'सगळीकडे पोचणारं' असा आहे.

ते खरोखरच सगळीकडे पोचलं होतं, हे २०१० मध्ये उघड झालं. बक्षीस-पॉइंटांच्या योजनेत लोकांनी हौसेने नाव, नंबर, जन्मसाल भरून दिलं होतं. कंपनीने सुमारे १९ लाख ७० हजार ग्राहकांची ही माहिती विमा कंपन्या आणि इतर धंदेवाल्यांना पुरवून साडेचार वर्षांत ४ कोटी ४० लाख हाँगकाँग डॉलर कमावले होते. मुख्याधिकाऱ्यांना खुर्ची सोडावी लागली. भागाकार करून पाहिला तर माणशी बावीस डॉलर पडतात. तेव्हाच्या भावाने सव्वाशे-दीडशे रुपये. मावशींच्या डब्याचं एका महिन्याचं भाडं. माणसाची एवढी खबरबात इतक्या स्वस्तात पूर्वी फक्त लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाकडे मिळायची, आणि तोही जेवून जायचा.

आपल्याकडेही एक कार्ड सगळीकडे, अशी घोषणा झाली. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत राष्ट्रीय सामायिक प्रवास कार्डाचं उद्घाटन झालं. एकाच रुपे कार्डावर मेट्रो, बस, टोल, पार्किंग आणि खरेदी. पुण्यात मेट्रो ६ मार्च २०२२ ला धावली आणि पुढच्या वर्षी 'एक पुणे' नावाचं कार्डही आलं. पुण्याला एक म्हणण्याचं धाडस ज्याने केलं त्याला पेठांची माहिती नसावी, पण कार्ड चांगलं आहे. घोळ एवढाच, की त्याच्या पोटात एक वेगळा कप्पा असतो. त्यात दोन हजारांपर्यंत पैसे राहतात. इंटरनेट नसलं तरी फाटक उघडावं म्हणून ते खुद्द कार्डाच्या चिपमध्ये साठवलेले असतात. युक्ती झकास आहे. पण ॲपमधून भरलेले पैसे आधी हवेत राहतात, ते चिपमध्ये उतरवायला कार्ड पुन्हा यंत्राला टेकवावं लागतं. हे ज्याला ठाऊक नाही तो फाटकाशी उभा राहून यंत्राला मोबाईल दाखवत बसतो.

मागच्या महिन्यात माझ्यापुढे एक आजोबा असेच अडकले होते. "मी पाचशे भरलेत," असं ते फाटकाला सांगत होते. फाटक ऐकून घेत होतं, उघडत नव्हतं. मागची रांग सुस्कारे सोडत होती. शेवटी सुरक्षारक्षक मुलगी आली. तिने त्यांचं कार्ड घेतलं, भिंतीवरच्या यंत्राला टेकवलं, दोन बटणं दाबली आणि परत दिलं. "आजोबा, पैसे घरी आले होते, खिशात आले नव्हते." चिप आणि खातं यांतला फरक इतक्या कमी शब्दांत सांगणारं माहितीपत्रक मी अजून वाचलेलं नाही. आजोबा गेले. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. बँकेच्या पत्रात तिच्या सेवेचा उल्लेख नव्हता.

तसं पाहिलं तर कार्डात खरंखुरं मूल्य घालणाऱ्या माणसांची नावं पत्रकांत नसतातच. मागच्या बाजूची ती काळी चुंबकीय पट्टी. १९६०च्या दशकात आयबीएमच्या फॉरेस्ट पॅरी नावाच्या इंजिनिअरला ती प्लास्टिकवर नीट चिकटवता येईना. गोंदाने पट्टी वाकडी व्हायची. हकिगत अशी सांगतात, की तो वैतागून घरी आला तेव्हा बायको इस्त्री करत होती. ती म्हणाली, आण इकडे. इस्त्री फिरवली, पट्टी बसली. आणि चार आकडी पिन? लंडनमध्ये एन्फिल्डला बार्कलेज बँकेच्या भिंतीत २७ जून १९६७ रोजी पैसे देणारं यंत्र बसलं. ते बसवणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने शिलाँगचे. त्यांच्या मनात सहा आकडे होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मला चारच लक्षात राहतात. त्यांनीच सांगितलेली ही गोष्ट. पिनचा शोध आपला आहे असा दावा आणखीही एका गृहस्थाचा आहे, पण त्याने बायकोला विचारल्याची नोंद नाही, म्हणून मी पहिल्याच्या बाजूने. दोघींनी पॉइंट मागितले नाहीत. मोबाईल नंबरही नाही.

अलीकडचं एक कामही असंच मुकाट झालं. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना तुमच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवायला बंदी आली. त्याजागी एक बदली आकडा ठेवतात. त्या दुकानात चोरी झाली तर चोराच्या हाती तो बदली आकडा लागतो, दुसरीकडे कुठे न चालणारा. तुमच्यापैकी किती जणांना कळलं? मला तरी 'अभिनंदन' असा निरोप आला नव्हता. ज्या सेवेने खरंच काहीतरी होतं ती गुपचूप येते आणि जिने काही होत नाही ती डबा लावून ओरडते, असा माझा अनुभव आहे. डब्यावरून आठवलं, २०२३ पासून एका कंपनीच्या डब्याला अमिताभ बच्चन यांचा आवाज आहे. पाच रुपयांच्या कढीपत्त्याला एवढा आवाज! 'दीवार'मध्ये याच आवाजाने फेकलेले पैसे उचलायला नकार दिला होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना बँकेच्या पत्राची ही सगळी रडकथा मी ऐकवत होतो. त्या पोळी उलटत म्हणाल्या, "माझ्याकडं पण हाय एक कार्ड." जनधन खात्याचं. दुसऱ्या दिवशी आणून दाखवलं. गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेलं. कार्डाभोवती प्लास्टिकची पिशवी, पिशवीला रबर, आणि सोबत पिनचं पाकीट, चिकटवलेलं तसंच. खातं २०१९ चं. पैसे काढायचे तर त्या बँकमित्राकडे जाऊन आधारवर अंगठा टेकवतात. कार्ड कधीच वापरलं नाही. का? "हरवलं म्हंजी?" त्यांच्या दृष्टीने ते कार्ड दागिन्याइतकं जपून ठेवायची वस्तू होती. नवऱ्याचंही तसंच एक, त्याच पिशवीत. नवरा टेम्पोवर आहे. रात्री-बेरात्री सातारा, सोलापूर.

जनधनच्या रुपे कार्डावर अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांना दोन लाखांचा, त्याआधीच्यांना एक लाखाचा. हप्ता नाही. फॉर्म नाही. नो कॉस्ट ईएमआयसारखं नाही, खरोखरच काही नाही. कार्डाच्या व्यवहाराशी जोडलेली याहून मोलाची सेवा या देशात नसेल, आणि जनधनची खाती पन्नास कोटींहून जास्त आहेत. मुख्य अट एकच. अपघात होईल त्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत खातेदाराने एक तरी यशस्वी व्यवहार केलेला हवा. आता शालूच्या घडीत ठेवलेल्या कार्डावर व्यवहार कसा होणार? जपून ठेवलं म्हणून विमा गेला, असा हा न्याय. बँकमित्राकडचा अंगठाही व्यवहारात धरतात, पण ताई तिथे जायच्या दिवाळीला आणि शाळा उघडताना. मधले महिने उघडे. नवरा तर फिरकतच नाही. आणि घरचा माणूस गेल्यावर बँकेत जाऊन 'कार्डावर विमा होता का हो' असं विचारायला सुचणार कुणाला?

त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बँकेने नाही, कार्डाने नाही. त्यांच्या फोनवर मला दिसलेले निरोप दोन होते. एक मंजूर झालेल्या कर्जाचा आणि एक रमीचा.

मंगळवारी पोळ्या झाल्यावर आम्ही दोघं चौकातल्या एटीएमवर गेलो. ताईंनी पाकीट फाडलं, पिन वाचला, मला पाठ फिरवून उभं राहायला लावलं, जे अगदी बरोबर केलं. पैसे काढायची गरज नव्हती. नुसती शिल्लक पाहिली तरी व्यवहार म्हणून चालतो. पावती आली. तेराशे बेचाळीस रुपये. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली.

"याचे किती कापले?"

"काही नाही."

"मग आलं काय?"

मी सांगितलं. दोन लाख हा आकडा ऐकून त्या खूश झाल्या नाहीत. नव्वद दिवस मात्र त्यांनी बोटांवर मोजले, नवऱ्याचं कार्ड कधी आणू ते विचारलं आणि पावती ब्लाउजमध्ये खोचून पुढच्या घरी गेल्या.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या, इस्त्रीचे कपडे नेणाऱ्या, सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्या माणसांना एवढं विचारा: जनधनचं कार्ड कुठे आहे, त्याची मुदत संपली नाही ना, वारसाचं नाव लागलंय का, आणि शेवटचं कधी वापरलं. बँकेत जाऊन आपल्या कार्डाचे चालू नियम एकदा वाचून घ्यायला सांगा, कारण कार्डागणिक मुदत आणि रक्कम बदलते. आणि घरी हे सांगून ठेवायला सांगा, कारण विमा मागायला कार्डवाला स्वतः येत नसतो.

आमच्या ताईंची पुढची तारीख मी कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे, गॅस सिलिंडरच्या तारखेच्या खाली.